गोलबाजारातील पाच पुड्या



येथे येण्यापूर्वी मी गोलबाजारात एक फेरी मारून आलो. रायपूरकरांना गोलबाजाराची ओळख करून देण्याचे धाडस मी करणार नाही. पूजेचे साहित्य, बांगड्या, भांडी, मसाले, लग्नघरी लागणाऱ्या शंभर वस्तू, असे काय तेथे मिळत नाही? मला मात्र फारच थोडे हवे होते. एका दुकानातून मीठ आणि साखर घेतली, दुसऱ्यातून तुरटी व कलमी शोरा, म्हणजे आपण मराठीत ज्याला सोरा म्हणतो तो, आणि पानवाल्याकडून थोडा चुना. दुकानदाराने विचारले, "गुरुजी, एवढ्याशा वस्तूंनी काय होणार?" मी म्हटले, "व्याख्यान." तो हसला व त्याने सोऱ्याचे पैसे दोनदा मोजून घेतले.

या पाच पुड्या, पाण्याची काही भांडी, एक स्पिरिटचा दिवा आणि एक तापमापक, एवढेच आजचे साहित्य आहे. पाणी तापविले असता त्यात पदार्थ अधिक विरघळतो की कमी, हा आपला प्रश्न. "अधिक" असे उत्तर आपल्यापैकी बहुतेक जण देतील. चहात साखर घालणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असते. तेव्हा प्रथम साखरेपासूनच आरंभ करू.

वीस अंश सेल्सिअस तापमानाच्या शंभर ग्रॅम पाण्यात सुमारे दोनशे ग्रॅम साखर विरघळते. पाण्याच्या दुप्पट साखर! हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते, परंतु वजन करून पाहावे. याहून अधिक साखर टाकली तर ती तळाशी पडून राहते. कितीही ढवळा, उपयोग नाही. अशा द्रावणाला संपृक्त द्रावण म्हणतात. जणू पाणी सांगते की आता माझे पोट भरले. तेच पाणी उकळीच्या तापमानाला, म्हणजे शंभर अंशांना, सुमारे चारशे ऐंशी ते चारशे नव्वद ग्रॅम साखर सामावून घेते.

आता असे समजा की गरम पाण्यात चारशे ग्रॅम साखर विरघळवून आपण ते निवू दिले. तीस अंशांपर्यंत खाली आल्यावर त्या पाण्याला सव्वादोनशे ग्रॅमही धरून ठेवता येत नाहीत. उरलेल्या साखरेने बाहेर पडावयास हवे. पण गंमत अशी की ती लगेच पडत नाही. स्वच्छ भांड्यात, न हलवता ठेवलेला पाक दिवसचे दिवस तसाच राहू शकतो. साखरेचे कण बाहेर पडावयास तयार असतात, परंतु पहिला स्फटिक कोठे बसावा याचा त्यांना ठिकाणा नसतो. हे अतिसंपृक्त द्रावण होय. त्यात एक दोरा सोडा, आणि काही दिवसांत त्याच्याभोवती खडे जमू लागतात. गोलबाजारात पूजेच्या सामानाबरोबर मिळणारी दोऱ्याची खडीसाखर, जिला येथे मिश्री म्हणतात, ती याच रीतीने तयार होते. जितके निवणे सावकाश, तितके खडे मोठे. घाईने ढवळत निववले तर त्याच साखरेचे पीठ होते.

अठराव्या शतकात छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला. १८५४ साली तो संपला. पुढेही नोकरी-व्यवसायासाठी मराठी माणसे येथे येत राहिली. त्या घरांतील आजीबाईंना मी जे सांगणार आहे ते माझ्याहून चांगले ठाऊक आहे. संक्रांतीचा काटेरी हलवा करताना परात मंद आचेवर ठेवतात, तिच्यात खसखस किंवा तीळ घेतात आणि पातळ पाकाचे थेंब थोडेथोडे टाकत दाणे बोटांनी हलवीत राहतात. प्रत्येक थेंबातील पाणी उडते, दाण्यावर साखरेचा सूक्ष्म थर बसतो व पुढच्या थेंबातील साखर त्याच थराच्या टोकांवर वाढू लागते. आच वाढली किंवा पाक एकदम ओतला तर काटा येत नाही, नुसता लेप बसतो. थंडीत काटा चांगला फुटतो, असे या बायका म्हणतात. पाक आटणे आणि निवणे या दोन्हींचा मेळ त्या केवळ बोटांच्या स्पर्शावर सांभाळतात. प्रयोगशाळेत इतक्या संयमाने काम करणारे विद्यार्थी मला थोडेच भेटले. गुलाबजामाच्या पाकात लिंबू पिळतात, ते मात्र नेमक्या उलट कारणासाठी. लिंबाच्या आंबटपणाने साखरेचा काही अंश द्राक्षशर्करा व फलशर्करा यांत बदलतो, आणि मग साखरेला स्फटिकरूपाने बाहेर पडणे कठीण जाते.

येथेच मधाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण या अज्ञानाचा फटका गरिबांना बसतो. बस्तरच्या अरण्यातून मध गोळा करून विकणारा माणूस थंडीच्या दिवसांत गिऱ्हाइकासमोर बाटली उघडतो आणि तळाशी रवाळ पांढरट गाळ दिसतो. गिऱ्हाईक लगेच ओरडते, "साखर घातली आहे!" वास्तविक मध हे मुळातच अतिसंपृक्त द्रावण आहे. त्यातील द्राक्षशर्करा पाण्याला पेलवेल त्याहून अधिक असते आणि थंडी पडली की ती बाहेर येते. चौदा-पंधरा अंशांच्या आसपास हे सर्वांत लवकर घडते, आणि रायपूरच्या डिसेंबरातील रात्री साधारण तेवढ्याच थंड असतात. थिजलेला मध म्हणजे भेसळीचा मध, असे म्हणता येत नाही. न थिजणारा मध शुद्धच, असेही म्हणता येत नाही. बाटली कोमट पाण्यात उभी करून ठेवावी, मध पुन्हा पातळ होतो.

आता दुसरी पुडी, मिठाची. वीस अंशांना शंभर ग्रॅम पाण्यात छत्तीस ग्रॅम मीठ विरघळते. शंभर अंशांना? एकोणचाळीस. एवढा सारा इंधनाचा खर्च करून अवघ्या तीन ग्रॅमांची कमाई! उकळत्या पाण्यात मिठाचे संपृक्त द्रावण करून निववले, तर तळाशी जेमतेम चिमूटभर मीठ पडेल. म्हणूनच उरण-पनवेलकडच्या मिठागरांत समुद्राचे पाणी कोणी तापवून निववीत बसत नाही. ते उथळ वाफ्यांत पसरतात आणि ऊन व वारा यांच्याकरवी पाणीच उडवून लावतात. समुद्राच्या एका लिटरातील नऊ दशांश पाणी उडाले, की मग कोठे मिठाचे खडे दिसू लागतात. साखरेला थंडी पुरते. मिठाला उन्हाळाच लागतो.

तिसरी पुडी सोऱ्याची, आणि माझ्या मते सर्व पुड्यांत हीच अधिक रंजक आहे. शून्य अंशाला शंभर ग्रॅम पाण्यात सोरा तेरा ग्रॅम विरघळतो. वीस अंशांना बत्तीस, चाळीस अंशांना चौसष्ट, साठ अंशांना एकशे दहा आणि शंभर अंशांना सुमारे दोनशे पंचेचाळीस. कागदावर आडव्या रेषेवर तापमान व उभ्या रेषेवर विरघळलेल्या पदार्थाचे वजन मांडले, तर मिठाची रेषा जवळजवळ सपाट जाते आणि सोऱ्याची एखाद्या घाटासारखी चढत जाते. असे आलेख काढण्याचे काम फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८१९ साली हाती घेतले. पण या दोन रेषांमधील अंतराचा उपयोग आपल्या देशातील कारागीर त्यापूर्वी कितीतरी काळ करीत आले होते. बिहारमधील नोनिया लोक जुन्या भिंतींच्या व गोठ्यांच्या आसपासची खारट माती पाण्यात भिजवून गाळून घेत. त्या पाण्यात सोराही असे आणि मीठही. ते पाणी आटवून निवू दिले, की सोऱ्याचे लांबट स्फटिक खाली बसत आणि मीठ पाण्यातच राही.

हिशोब करून पाहू. शंभर ग्रॅम गरम पाण्यात साठ ग्रॅम सोरा आणि दहा ग्रॅम मीठ विरघळवले. वीस अंशांपर्यंत निवल्यावर पाण्याला सोरा पेलतो सुमारे बत्तीस ग्रॅम. म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम बाहेर पडेल. मिठाची मर्यादा छत्तीसची, आणि ते आहे केवळ दहा. त्याला बाहेर पडण्याचे कारणच नाही. चाळणी नाही, चिमटा नाही, आणि एकमेकांत मिसळलेले दोन पांढरे पदार्थ वेगळे झाले. याच सोऱ्याने तोफांची दारू बनत असे आणि त्याच्या व्यापारासाठी युरोपातील कंपन्या बंगाल-बिहारात एकमेकींशी झगडल्या. निवणाऱ्या कढईत घडणाऱ्या एका साध्या गोष्टीवर कोणकोणती साम्राज्ये उभी राहतात, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. पण तो आजचा विषय नव्हे.

आता हा पेला पुढच्या रांगेतील कोणीतरी हातात धरावा. यात शंभर ग्रॅम पाणी आहे. तापमापक अठ्ठावीस अंश दाखवितो. मी यात पंधरा ग्रॅम सोरा टाकून ढवळतो. ... काय वाटते? थंड! आणि पारा पाहा, एकोणिसाच्या जवळ आला. हा काही माझा शोध नव्हे. अकबराच्या दरबारात पाणी गार करण्यासाठी सोरा वापरीत असत, याची नोंद अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त केली आहे.

हा गारवा कोठून आला, हे समजले की आजचा अर्धा विषय समजला. सोऱ्याच्या स्फटिकात कण एकमेकांना घट्ट धरून रांगेत उभे असतात. त्यांना सोडवावयाचे तर ऊर्जा खर्चावी लागते. सुटलेल्या कणांना पाण्याचे रेणू कवटाळतात तेव्हा काही ऊर्जा परत मिळते. सोऱ्याच्या बाबतीत खर्च अधिक आणि मिळकत कमी. तूट पाण्याच्या उष्णतेतून भरून काढली जाते, म्हणून पाणी गार होते. १८८४ साली ल शातेलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक व्यापक तत्त्व मांडले. समतोल असलेल्या व्यवस्थेत आपण बाहेरून बदल घडविला, तर ती व्यवस्था त्या बदलाचा जोर कमी होईल अशा दिशेने सरकते. आपण उष्णता दिली, तर उष्णता शोषणारी क्रिया बळावते. सोऱ्याचे विरघळणे ही उष्णता शोषणारी क्रिया. म्हणून तापविल्यावर सोरा अधिक विरघळतो. मिठाचा खर्च आणि मिळकत जवळजवळ सारखी, म्हणून त्याला तापमानाचे सोयरसुतक नाही. हा नियम ढोबळ आहे, हे मी मान्य करतो. कॉस्टिक सोडा पाण्यात टाकला तर भांडे हाताला चटका देते, तरीही तो गरम पाण्यात अधिकच विरघळतो. कारण संपृक्त होत आलेल्या द्रावणातील हिशोब पातळ द्रावणाहून वेगळा असतो. निसर्ग आपले नियम आपल्या सोयीसाठी सोपे करून ठेवीत नाही.

तुरटीविषयी थोडक्यात सांगतो. वीस अंशांना ती शंभर ग्रॅम पाण्यात चौदा ग्रॅमच्या आसपास विरघळते आणि पन्नास अंशांना त्याच्या सुमारे अडीचपट. मुलांनी घरी स्फटिक वाढवावयाचे असतील तर तुरटीच घ्यावी. ती स्वस्त आहे आणि तिचे आठ बाजूंचे स्फटिक फार देखणे असतात. दोऱ्याला बांधलेला छोटा खडा, निवत असलेले द्रावण, आणि हात न लावण्याची शिस्त, एवढे पुरे. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही.

पाचवी पुडी चुन्याची. येथे आपला सर्वांचा अंदाज चुकणार आहे. हा पानवाल्याचा, विरलेला चुना आहे. कळीच्या चुन्यावर पाणी टाकल्यावर जी उष्णता निघते ती एक निराळी रासायनिक क्रिया आहे. तिची येथे गल्लत करू नये. काल रात्री मी हा चुना पाण्यात कालवून ठेवला आणि वरची निवळी गाळून घेतली. पाहा, पाण्यासारखी स्वच्छ. साध्या तापमानाला एक लिटर पाण्यात चुना पावणेदोन ग्रॅमहून अधिक राहत नाही. आता ही निवळी दिव्यावर ठेवू.

... ती गढूळ होऊ लागली आहे. आपण त्यात काहीही टाकलेले नाही. केवळ तापविले, आणि चुना बाहेर पडला. उकळत्या पाण्यात त्याची विद्राव्यता निम्म्याहूनही कमी होते. श्वास फुंकल्यानेही चुन्याची निवळी पांढरी होते, हे शाळेतील मुलांना माहीत असेल. पण तो गढूळपणा कार्बोनेटचा, निवल्याने तो जात नाही. हा मात्र भांडे झाकून निवत ठेवले तर हळूहळू पुन्हा विरू लागेल. चुना विरघळताना उष्णता बाहेर पडते. म्हणून ल शातेलिएच्या तत्त्वाप्रमाणे, बाहेरून उष्णता दिली की त्याचे विरघळणे मागे हटते. तत्त्व तेच, निकाल उलटा.

आणि आता ती सहावी वस्तू, जिची पुडी बांधता येत नाही. पाणी तापत ठेवले की उकळी येण्याच्या कितीतरी आधी भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसतात. ती वाफ नव्हे. ती पाण्यात विरघळलेली हवा आहे. वायू पाण्यात शिरताना उष्णता बाहेर टाकतात, म्हणून चुन्याप्रमाणेच त्यांचेही तापविल्यावर पाण्यातील वास्तव्य कमी होते. उन्हाळ्यात सोड्याची बाटली गार नसेल तर उघडताच सारा वायू उफाळून जातो आणि हाती नुसते खारट पाणी राहते, हे सोडावाल्याला पुस्तक न वाचताही कळते.

पण प्राणवायूच्या बाबतीत ही गंमत राहत नाही. शून्य अंशाला, हवेच्या संपर्कात असलेल्या एक लिटर गोड्या पाण्यात प्राणवायू सुमारे साडेचौदा मिलिग्रॅम विरघळतो. वीस अंशांना नऊ, तीस अंशांना साडेसात, पस्तीस अंशांना सातहूनही कमी. रायपूर हे तलावांचे गाव. बूढा तालाब, महाराजबंध, तेलीबांधा ही नावे तुम्हांला पाठ आहेत. मे महिन्यात येथील हवेचा पारा चाळिशीच्या वर जातो, तलाव आटून उथळ होतात आणि उथळ पाणी लवकर तापते. म्हणजे पाण्यात प्राणवायू कमी. त्याच वेळी गरम पाण्यातील माशाच्या शरीराचे व्यापार जलद चालतात, म्हणजे त्याची प्राणवायूची गरज अधिक. उत्पन्न घटले आणि खर्च वाढला, अशी ही माशाची उन्हाळ्यातील स्थिती.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मी पहाटे एका तलावाच्या काठी उभा होतो. तलावाचे नाव सांगत नाही. ते महत्त्वाचे नाही. पाण्यावर सर्वत्र रोहू आणि कतला तोंड वर काढून आ वासत होते, आणि कडेला काही पांढऱ्या पोटाने तरंगू लागले होते. ज्या केवटाने त्यात बीज सोडले होते तो गुडघाभर पाण्यात उभा राहून बांबूने पाणी झोडपीत होता. लोक म्हणत होते, कोणीतरी विष घातले. कोणी कोणावर संशय घ्यावा, याचीही चर्चा सुरू झाली होती आणि दोन नावे घेतली गेली होती. तो माणूस मात्र बोलत नव्हता, झोडपीतच होता.

माझ्या मनात तेव्हा एक शंका आली, आणि ती तुमच्याही मनात यावयास हवी. पाणी दुपारी सर्वांत गरम असते, पहाटे सर्वांत गार. मग मासे दुपारी का मरत नाहीत, पहाटे का मरतात? याचे उत्तर असे की तापमान केवळ मर्यादा ठरविते. प्रत्यक्षात पाण्यात प्राणवायू किती आहे ते जमाखर्चावर अवलंबून असते. दिवसा पाण्यातील हिरवे शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करते. रात्री ते थांबते, पण शेवाळाचा, माशांचा आणि तळाशी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याचा श्वासोच्छ्वास थांबत नाही. रात्रभर खर्चच खर्च. थंडीच्या दिवसांत मूळ ठेवच मोठी असते आणि खर्च मंद, त्यामुळे पहाटेपर्यंत भागते. उन्हाळ्यात ठेव लहान. ती तीन मिलिग्रॅमच्या खाली उतरली की मासे गुदमरू लागतात, आणि त्या पहाटे ती उतरली असावी. आदल्या दिवशी आभाळ आले होते, म्हणजे शेवाळाची दिवसाची कमाईही बुडालेली. काठावर तीन दिवसांच्या निर्माल्याचा ढीग पाण्यात भिजत होता. गोलबाजारातून श्रद्धेने विकत घेतलेली फुले पाण्यात कुजताना त्या माशांच्या वाट्याचा प्राणवायू खात होती.

बांबूने पाणी झोडपणे हा वेडेपणा नव्हता, हे मला नंतर समजले. पाणी उडाले, फुटले, की त्याचा हवेशी संपर्क वाढतो व प्राणवायू लवकर शिरतो. पंपाने पाणी उंचावरून पुन्हा तलावात सोडले तर हेच काम अधिक चांगले होते. त्या पहाटे त्या माणसाचे काही मासे वाचले, पुष्कळसे गेले. विषाची गोष्ट मात्र गावात बरेच दिवस चालू राहिली. संशय घेतलेल्या दोघांपैकी एकाशी लोकांनी बोलणे टाकले होते, असे मी ऐकले.

कोरब्यासारख्या ठिकाणी औष्णिक वीजकेंद्रांतून निघालेले पाणी आधी निववावे आणि मगच नदीनाल्यात सोडावे, असा आग्रह धरला जातो तो याच कारणासाठी. त्या पाण्यात विष नसेलही. नुसती उष्णता असते. पण उष्णतेमुळे पाण्याबाहेर काय पडते, ते आपण आता पाहिले आहे.

माझे सांगणे संपले. ज्यांना चुन्याची निवळी जवळून पाहावयाची आहे त्यांनी पुढे यावे. ती निवून परत स्वच्छ होते का, हे पाहण्यासाठी उद्या सकाळपर्यंत भांडे येथेच झाकून ठेवणार आहे. साखरेची पुडी मुलांनी वाटून घ्यावी. सोरा आणि चुना मात्र कोणी तोंडात घालू नये.